काकांचं विमानातलं घड्याळ

उरण,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नपालकाका आणि सौ. सगुणाकाकू यांना
रश्मीचा सविनय जयभीम, वि. वि.

मी सुखरूप पोचले. काकूने बांधून दिलेले कडवे वाल बाबांनी त्याच संध्याकाळी भिजत घातले आणि मोड येईपर्यंत सारखं फडकं उचलून बघत राहिले. तुमचा हा धाकटा भाऊ निवृत्त झाल्यापासून फार रिकामा झालाय. माझं यार्डातलं काम आहे तसंच आहे. कंटेनर येतात, कंटेनर जातात, आणि प्रत्येक ट्रकवाल्याला वाटतं की त्याचाच नंबर मी मुद्दाम मागे ठेवलाय.

काका, फोन सोडून पत्र का लिहितेय ते सांगते. बोर्लीला होते तेव्हा रोज बघत होते. कुणाचा फोन आला की तुम्ही दोन शब्द बोलता, पलीकडचा माणूस काय म्हणालात, काय म्हणालात करतो, आणि तुम्ही फोन काकूच्या हातात देऊन उठून जाता. पण पिठाच्या डब्यावर डाव्या हाताने लिहिलेलं 'तांदूळ' मी पाहिलंय. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. तेव्हा आता आपण लिहायचं. उशीर झाला तरी चालेल, पण उत्तर पाहिजे.

एक विचारायचं राहून गेलं. कपाटावरचं सागवानी स्टँड रिकामं का आहे? लहानपणी मे महिन्यात तुमच्याकडे आले की मी त्यावरच्या घड्याळासमोर मांडी घालून बसायचे. काळी तबकडी, तिच्या पोटात वर एक आणि खाली एक अशा दोन छोट्या तबकड्या. तुम्ही सांगायचात की हे एअर फोर्सच्या मालवाहू विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर बसवलेलं होतं, आणि वरची छोटी तबकडी विमान जमिनीवरून उठल्यापासूनचा वेळ मोजते. तुम्ही रोज सकाळी चावी द्यायचात. मला वाटायचं, एखाद्या दिवशी विसरलात तर आपलं घर हळूच खाली उतरेल.

काकूला विचारलं तर तिने शेजारच्या मोरूच्या होडीला बांगडा किती लागला ते सांगायला सुरुवात केली. म्हणून तुम्हाला विचारते.

दोघांनी तब्येती जपा. माझ्यावर रागवायचं असेल तर तेही कागदावरच.
तुमची,
रश्मी


बोर्ली पंचतन,
दि. २३ फेब्रुवारी २०२५

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र मिळालं. हे उत्तर थोडं थोडं करून लिहितो आहे. डावा हात अजून शाळेत पहिलीला आहे, त्याला ओळ धरता येत नाही.

घड्याळ ट्रंकेत आहे. तुझ्या काकूने ते आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तळाशी ठेवलं. गेल्या पावसाळ्यात सकाळी मी चावी देत होतो. उजवा हात फिरता फिरता थांबला. मला वाटलं मी अजून फिरवतोच आहे. आधी घड्याळ पडलं, मग मी. तो अर्धांगाचा झटका होता, पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्याच्याकडे बघत बसायचो आणि डोळ्यांतून पाणी यायचं. ते आजाराने येतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. पण सगुणाला ते बघवेना.

आता सकाळ आणि संध्याकाळ यांच्यातली भिंत पडल्यासारखी झाली आहे. खिडकीतून सुपाऱ्यांच्या सावल्या येतात, जमिनीवर हलतात, निघून जातात. डोळे मिटले की मला हँगर दिसतो. उत्तरेकडचा, कडाक्याच्या थंडीतला. विमानं ओळीने उभी आहेत, आत काळोख आहे, आणि काळोखात फक्त तबकड्यांवरचे हिरवट आकडे. माणूस कुणी नाही. सगळी घड्याळं चालू आहेत आणि मला एकेकाला कान लावत पुढे जायचं आहे. भीती वाटत नाही. उलट तिथून परत यावंसंच वाटत नाही.

माझ्यापाशी आहे ते घड्याळ मी निवृत्त झालो तेव्हा स्क्वाड्रनच्या सोबत्यांनी दिलं. ते विमान मोडीत निघालं होतं. घड्याळाला काय झालं आहे ते मी न उघडताही सांगू शकतो. पडल्यावर सगुणाने ते उचललं तेव्हा आत बॅलन्सचं, म्हणजे झुलून वेळ मोजणारं चाक सैल खुळखुळलं, ते मी ऐकलं. त्याच्या आसाचं टोक मोडलं आहे. हे टोक केसाहून बारीक असतं. तो आस, ते चाक आणि त्यावरची नाजूक कमान, म्हणजे केसासारखी स्प्रिंग, असं सगळं एकत्र, त्याच जातीच्या रशियन घड्याळाचं मिळालं तरच उपयोग. ते आता मिळत नाही. तू शोधत बसू नकोस.

बाळारामला सांग, मोड आलेले वाल फार वेळ झाकून ठेवले की वास येतो.
इथलं सगळं ठीक समज आणि आम्हाला मनात ठेव.
तुझा काका,
रत्नपाल


बोर्ली पंचतन,
दि. २ मार्च २०२५

चि. रश्मी हिला सगुणाकाकूचा जयभीम आणि गालावरून हात.

मी काय यांच्यासारखी लिहिणारी न्हाय, सातवीपर्यंत शिकले. पण हे लिहायलाच पाहिजे म्हणून बसले. तुझं पत्र आल्यापासून घरात काहीतरी हललंय.

तुला उत्तर लिहून झालं, पाकीट चिकटवलं, आणि यांनी ट्रंकेकडे बोट दाखवलं. मी न्हाय म्हटलं. हे बोट खाली घेईनात. शेवटी काढून दिलं. मला वाटलं रडतील. रडले न्हाय. खुर्चीत बसून मांडीवर घेतलं आणि पाठीमागचे स्क्रू बघू लागले. मग पेचकस मागितला. डाव्या हातात पेचकस धरला, पण घड्याळ धरायला दुसरा हात कुठला? ते सारखं मांडीवरून घसरत होतं. मी बघत उभी होते. मग मी खाली बसले आणि घड्याळ धरलं. तरी जमेना. मग पेचकस पण मीच घेतला.

पोरी, लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून यांच्या पेचकसांच्या डब्याला मी हात लावलेला न्हाय. घड्याळ आल्यावर त्याच्यावरची धूळ पण हे स्वतःच पुसायचे, मला म्हणायचे तुझा हात चुलीचा हाय. आता त्याच चुलीच्या हाताने मी त्याचं पाठीमागचं झाकण काढलं. आत नुसती पिवळी चाकं. एवढ्याशा जागेत एवढं काम कोणी केलं असेल? यांनी बोटाने दाखवलं, हे बघ, हे चाक, हे मेलंय. बोलणं बाहेरच्यांना कळत न्हाय, पण मला सगळं कळतं.

यांनी तुला लिहिलं असेल की शोधू नकोस. तू शोध. इतक्या महिन्यांत यांनी पहिल्यांदा पोटभर जेवण घेतलं आणि झोपले.

पत्र यांना दाखवलेलं न्हाय. तुझ्या बापाला नमस्कार सांग, आणि तू वेळेवर खात जा.
सगुणाकाकू


उरण,
दि. ३० मार्च २०२५

ती. काका-काकूंना रश्मीचा सविनय जयभीम, वि. वि.

काका, तुमचं ऐकलं नाही. क्षमा मागत नाही, कारण भाग सापडलाय.

आधी मुंबईला फोर्टमध्ये एका घड्याळवाल्याकडे गेले. त्याने चष्मा कपाळावर सरकवून माझ्या मोबाईलमधला जुना फोटो बघितला आणि म्हणाला, आतलं सगळं काढून टाकू, सेलवालं मशीन बसवून देतो, जन्मात बंद पडणार नाही. मी म्हटलं, हे माझ्या काकांना कळलं तर ते नुसत्या डाव्या हाताने तुम्हाला पुरून उरतील. मग पुण्याचा एक माणूस इंटरनेटवर भेटला. त्याला असल्या घड्याळांचा नाद आहे. त्याच्यापाशी काच होती, काटे होते, पण बॅलन्स नव्हता. एक परदेशातला विकणारा होता, त्याने तिकडून पार्सल येण्याची काही खात्री नाही असं स्वतःच लिहून कळवलं.

मी नाद सोडणार होते. यार्डात माझ्या शेजारच्या टेबलावर रुचिता बसते, ती अलिबागची. तिने माझ्या स्क्रीनवर फोटो बघितला आणि सहज म्हणाली की हे घड्याळ आमच्या मिलकाबाईंच्या भिंतीवर आहे. मला वाटलं चेष्टा करतेय. रविवारी तिच्याबरोबर गेले. काका, अगदी तेच. काळी तबकडी, वर-खाली दोन छोट्या, तीच रशियन अक्षरं.

मिलकाबाई नवगावकर अलिबागच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातल्या. त्यांची मुलं इस्रायलला गेली, या गेल्या नाहीत. त्यांचे यजमान सांताक्रूझला विमान कंपनीच्या हँगरमध्ये तुमच्यासारखेच यंत्रं दुरुस्त करायचे. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. ते असतानाच घड्याळ बंद पडलं होतं. मी चावी फिरवून बघितली तर ती नुसतीच फिरत राहिली, कुठे अडेना. पण घड्याळ हलवलं की आत काहीतरी झुलल्याची बारीक किणकिण येते. म्हणजे त्यांची चावीची मोठी कमान तुटलेली आणि बॅलन्स शाबूत, बरोबर ना? बघा, मी शिकले.

बाई आतलं चाक द्यायला तयार आहेत. भिंतीवर चेहरा राहिला की मला पुरे, म्हणाल्या. पण अट घातली. यजमानांच्या वस्तूला जो हात लावणार त्याने स्वतः समोर येऊन बसायचं. कुरियरने मी माझी बटाट्याची भाजीदेखील कुणाला पाठवत नाही, म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की माझे काका येतील.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गडबडीत बोर्लीला समाजाच्या हॉलवर तुमची वाट बघतील हे मला माहीत आहे, म्हणून त्यानंतरचा कुठलाही दिवस सांगा.
तुमचा हात डोक्यावर आहे म्हणूनच एवढी मजल मारते.
रश्मी


बोर्ली पंचतन,
दि. ६ एप्रिल २०२५

चि. रश्मीस आशीर्वाद.

तू माझ्या वतीने शब्द द्यायला नको होतास.

मी हॉलवर जाणार नाही आणि अलिबागलाही जाणार नाही. माझं तोंड एका बाजूला ओढलेलं आहे. बोलताना ओठाच्या कडेने लाळ येते आणि ती आली हे मला समोरच्याच्या नजरेवरून कळतं. शर्टाची बटणं सगुणा लावते. असा माणूस, माझ्याच धंद्यातल्या माणसाच्या घरी, त्याच्या बायकोसमोर, इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून जाऊन बसेल? त्या बाईंनी काय बघायचं?

त्यांना नम्रपणे कळव की काका आजारी आहेत. हे खोटं नाही.

तुझी खटपट मला कळते. परंतु काही गोष्टी ट्रंकेत असलेल्याच बऱ्या.
रत्नपाल


बोर्ली पंचतन,
दि. २० एप्रिल २०२५

चि. रश्मी हिला सगुणाकाकूचा जयभीम आणि पोटभर माया.

यांचं पत्र वाचून तू रडली असशील. रडू नको. त्या बाईंना काही कळवू पण नको.

माळ्यावर आपलं जुनं गजराचं घड्याळ होतं ना, तू शाळेत होतीस तेव्हाचं, ते मी काढलं. दुपारी भांडी झाली की पडवीत चादर टाकायची, त्याच्यावर पांढरा रुमाल, आणि बसायचं. हे खुर्चीत. आधी हे बघत पण न्हवते, भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी मुद्दाम चुकीचा स्क्रू धरला. मग मान वळली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

आता आमची एक रीत झालीय. मी चिमटा धरते आणि हे आपला डावा अंगठा माझ्या मनगटावर ठेवतात. दाबलं की थांबायचं. उचलला की पुढं जायचं. बोलायचं कामच न्हाय. मी ते गजराचं घड्याळ उघडलं, त्याचं चाक काढलं आणि परत बसवलं. पहिल्यांदा एक स्क्रू उडून तुळशीच्या बाजूला गेला, केरसुणीने अंगण झाडून काढला. आता न्हाय उडत.

काल गजर वाजला. भर दुपारी. हे हसले. वाकडं हसले पण हसले, आणि गजर थांबेपर्यंत हसतच होते.

मी यांना सांगून टाकलंय की मे महिन्यात मी अलिबागला जाणार. तुम्ही नका येऊ, मी एकटी जाऊन त्या बाईंच्या घड्याळातलं चाक काढून आणते. त्यावर जेवण अर्धं टाकून उठले.

तुझ्या यार्डात बोट लागली की तुला सुट्टी न्हाय हे ठाऊक हाय, तू येण्याची घाई करू नको. मनात देव-बिव आणत न्हाय मी, पण तू आमच्यासाठी चांगलं चिंत.
सगुणाकाकू


बोर्ली पंचतन,
दि. १८ मे २०२५

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

मागच्या पत्रातले माझे शब्द कडू होते. ते तू पाण्यात सोड. हे पत्र लांब आहे, लिहायला चार-पाच दिवस लागले, तरी सगळं सांगायचं आहे.

बुद्धपौर्णिमा झाली आणि दुसऱ्याच सकाळी तुझी काकू उठली, इस्त्रीची पांढरी साडी नेसली, माझ्या हत्यारांचा डबा पिशवीत घातला आणि भात झाकून ठेवलाय एवढं सांगून निघाली. मी दारात उभा राहिलो. मला वाटलं वळणावर मागे बघेल. नाही बघितलं. तिने आयुष्यात कधी एकटीने बोर्ली सोडली नाही. आणि रश्मी, माझ्या मनात तिची काळजी आली नाही, हे खरं लिहितो. माझ्या मनात आलं की चाक उचलताना हिने हात जरा तिरका केला तर ती नाजूक कमान कायमची ताणली जाईल आणि हिचं मनगट धरायला कुणी नसेल. मी काठी घेतली. शर्टाचं वरचं बटण उघडंच राहिलं. स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी लागलेली होती आणि ती खिडकीत बसली होती. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती. मला बघून तिने पिशवी मांडीवर घेतली. एवढंच.

दिघीला उतरून आम्ही आगरदांड्याच्या बोटीत बसलो. मी तोंडावर रुमाल धरून आत कोपऱ्यात बसलो होतो. खाडीचं पाणी अगदी शांत, त्यावर धुक्यासारखं ऊन. दूर जंजिऱ्याचा किल्ला असा दिसत होता की पाण्यातून वर आला आहे की पाण्यात चालला आहे ते कळू नये. इंजिनाची घरघर पायांतून वर चढली आणि मला वाटलं मी पुन्हा विमानाच्या पोटात काहीतरी तपासायला बसलो आहे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. सगुणाने खांद्याला हात लावला तेव्हा पलीकडचा किनारा आला होता.

अलिबागला मिलकाबाईंनी दार उघडलं. मी जयभीम म्हणालो, पण तो शब्द माझ्या तोंडातून नीट निघाला नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, नजर चुकवली नाही, आणि विचारलं की उजवी बाजू गेली का. सगुणा हो म्हणाली. मग त्या म्हणाल्या, खुर्ची डाव्या हाताला सोयीची पडेल अशी लावू, आणि टेबल खिडकीकडे ओढायला लागल्या. मी जी भीती घेऊन एवढा आलो होतो, ती त्या टेबलाच्या आवाजात कुठे गेली मला कळलं नाही.

घड्याळ भिंतीवरून उतरवलं. पांढरं कापड, खिडकीचा उजेड. सगुणाने मागचं झाकण काढलं. बॅलन्स एका पट्टीखाली असतो, त्या पट्टीला एकच स्क्रू. त्यांची तुटलेली कमान बदलायची तर अख्खं घड्याळ सोडवावं लागलं असतं, ते आम्हा दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. हे एका स्क्रूचं काम होतं. स्क्रू निघाला. माझा अंगठा तिच्या मनगटावर होता. तिची नाडी मला लागत होती, आणि ती माझ्यापेक्षा संथ होती. तिने चिमट्याने पट्टी सरळ वर उचलली. खाली ते सोनेरी चाक आपल्या कमानीला लटकून आलं, हवेत झुलत, अर्धवट फिरत. तिने ते उलटं करून डबीत ठेवलं.

मिलकाबाईंनी भिंग मागून घेतलं. खूप वेळ डबीत बघत राहिल्या. म्हणाल्या, एवढी वर्षं हे माझ्या भिंतीवर होतं आणि आत असं काही आहे हे यांनी मला कधी दाखवलं नाही. सगुणा म्हणाली, मला तरी कुठं दाखवलं होतं. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी नवगावकर साहेबांच्या वतीनेही मान खाली घातली.

त्यांनी गोड पोह्यांचा मलिदा खायला घातला. निघताना म्हणाल्या की तुमचं चालू झालं की काही दिवस माझ्या घरी आणून ठेवा, या भिंतीने फार दिवस काही ऐकलेलं नाही. मी हो म्हणालो. या वेळी सगुणाला ते उलगडून सांगावं लागलं नाही.

डबी सध्या देव्हाऱ्याच्या जागी, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीखाली ठेवली आहे. बसवण्याचं धाडस अजून होत नाही.
बाळारामला आणि तुला आमच्या दोघांची आठवण.
तुझा काका,
रत्नपाल


उरण,
दि. २० जुलै २०२५

ती. काका-काकूंना रश्मीचा जयभीम, वि. वि.

जून सरला, जुलै सरत आला, पत्र नाही. काकू फोनवर सगळं बरं आहे म्हणते आणि ठेवते. ती बरं आहे म्हणते तेव्हा बरं नसतं, हे मला आता कळतं. घड्याळ चालू झालं नसेल तर नसू दे. मी त्याच्यासाठी विचारत नाही. तुम्ही दोघं जेवताय का, पडवीत बसताय का, एवढंच लिहा. नाहीतर मी आणि बाबा येऊन धडकू, आणि बाबा आले की पंधरा दिवस जात नाहीत हे लक्षात ठेवा.
उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
रश्मी


बोर्ली पंचतन,
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आता आहे.

जूनमध्ये आम्ही चाक बसवायला घेतलं. आसाचं खालचं टोक रत्नाच्या, म्हणजे तिथल्या बारीक लाल खड्याच्या भोकात जायला हवं आणि ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळावं लागतं. सगुणाने पट्टी ठेवली, चाक झुललं, टिकटिक आली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिने स्क्रू आवळायला घेतला आणि आवाज बंद झाला. चाक अडकून बसलं.

तिला वाटलं आपण आस मोडला. मी नाही म्हणत होतो, पण माझी खात्री कुठे होती? ती चिमटा ठेवून उठली आणि म्हणाली की चुलीचा हात शेवटी चुलीचाच. ते माझे शब्द होते. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती. त्या दिवसापासून तिने डबा उघडला नाही. ती स्वयंपाकघरात, मी पडवीत. तुझ्या काकूला गप्प राहता येतं हे मला तेव्हा कळलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ठरवलं की बोलायचं. लिहून नव्हे. चुलीपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो की ते मी चुकीचं बोललो होतो. वाक्य निघायला वेळ लागला. तिने मध्येच पुरं केलं नाही, नेहमी करते तसं. शेवटपर्यंत ऐकलं. मग भाकरी तव्यावरून उतरवून, हात धुऊन आली.

भिंगातून मी बघितलं. आस शाबूत होता. कमानीच्या वेटोळ्यांत रुमालाचा एक तंतू अडकला होता. तो काढायला चिमटा जाड पडत होता. सगुणाने गोधडीच्या पेटीतली सगळ्यात बारीक सुई आणली. माझा अंगठा मनगटावर ठेवायला गेलो तर तिने मान हलवली. एकटीनेच केलं. तंतू निघाला, तिने स्क्रू आवळला, आणि घड्याळ चालू राहिलं.

बाहेर पाऊस होता, कौलांवरून धारा लागल्या होत्या, आणि त्या सगळ्या आवाजाच्या आत तो एक बारीक आवाज वाटेने चालल्यासारखा चालला होता. आम्ही दिवा लावायचं विसरलो. अंधार पडला तरी तसेच बसलो होतो. सगुणा म्हणाली की जीव असलेलं काहीतरी घरात आल्यासारखं वाटतं. मला हँगर आठवला, पण या वेळी तिथे जावंसं वाटलं नाही.

आता चावी ती देते. दिवसाला थोडं मागे पडतं. पडू दे.
तुम्ही दोघं या. बाळारामला पंधरा दिवस राहू दे, मी काही म्हणणार नाही.
तुझा काका,
रत्नपाल


अलिबाग,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. रश्मी हिला सगुणाकाकूचा जयभीम आणि कुशीत घेऊन आशीर्वाद.

हे पत्र मिलकाबाईंच्या टेबलावर बसून लिहितेय. पाऊस गेला, वाट वाळली, आणि कबूल केल्याप्रमाणे घड्याळ घेऊन आम्ही आज इथं आलो. बाईंनी आपलं घड्याळ थोडं बाजूला सरकवून शेजारी खिळा मारून घेतलाय. दोन्ही तोंडं शेजारी, एक चालू, एक गप्प. त्या म्हणतात छान दिसतात, जोडप्यासारखी. आमचं त्यांच्याकडं आठवडाभर राहील, मग हे न्यायला येतील. हे म्हणजे तुझे काका. एकटे येतो म्हणतात, मला म्हणाले तू बोर्लीलाच थांब, कंटाळा आला असला तर. बघू.

पण मी लिहायला बसले ते बोटीवरचं सांगायला.

दिघीला बोटीत बसलो. गर्दी होती. कॉलेजच्या पोरी, मासळीवाल्या बायका, दोन-चार स्कूटरवाले. यांना आत बाकावर बसवलं, मांडीवर पिशवी, पिशवीत घड्याळ. मला उकडत होतं म्हणून मी पुढं कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. वारा लागला, समुद्रावरची पाखरं बोटीबरोबर उडत होती, मी आपली बघत राहिले. कुठं चाललेय हे पण विसरले.

मागं गलका ऐकू आला. वळून बघते तर यांच्याभोवती माणसं उभी. यांना खेटून बसलेल्या एका बाईला पिशवीतून टिकटिक ऐकू आली आणि तिने आरडाओरडा केला की या म्हाताऱ्याच्या पिशवीत काहीतरी वाजतंय. पेपरात बॉम्बचं काय काय येतं ना, माणसं घाबरली. बोटीवरचा माणूस येऊन यांना दटावून विचारत होता, पिशवीत काय हाय, बोला की. यांचं तोंड नुसतं हलत होतं. मी धावले, गर्दीत घुसले, सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात यांनी डावा हात वर केला. मला थांबवायला. अंगठा दाबतात ना, तसंच.

मी थांबले.

यांनी पिशवीतून घड्याळ काढलं आणि मांडीवर ठेवलं. मग बोलायला लागले. हळूहळू, एकेक शब्द. विमानातलं घड्याळ, म्हणाले. तोंड वाकडं होत होतं, लाळ आली ती रुमालाने पुसली, आणि परत बोलले. एका पोरीने विचारलं, आजोबा, काय म्हणालात? पण यांनी न रागवता तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश. ती पोरगी मैत्रिणींना म्हणाली, अगं, विमानातलं घड्याळ हाय हे, रशियाचं. मग सगळे वाकले. कोणी विचारलं ही वरची तबकडी कशाची. यांनी डावीकडचं बटण दाबलं, तिचा काटा हलायला लागला, आणि हे सांगायला लागले, विमान जमीन सोडतं तेव्हापासून मोजायचं. ती ओरडणारी बाईच सगळ्यांत पुढं येऊन बसली आणि विचारायला लागली की तुम्ही विमान चालवायचात का. न्हाय, म्हणाले, मी विमानं उडतील असं बघायचो.

हे वाक्य मला यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला मिळालं. आणि तिला ते एका झटक्यात कळलं.

माणसं विचारत होती, हे सांगत होते. काही कळत होतं, काही न्हाय. कोणी माझ्याकडं बघून हे काय म्हणतात असं विचारलं न्हाय. मी कोण हे कोणाला माहीतच न्हवतं. मग मी परत कठड्यापाशी गेले आणि पैलतीर येईपर्यंत वाऱ्यात उभी राहिले.

मिलकाबाई जेवायला हाक मारतायत. आमच्यावरची माया अशीच असू दे, आणि आता लिहिताना यांचं पत्र वेगळं आणि माझं वेगळं लिहीत जा.
सगुणाकाकू